सावलीत वाळवायचे पापुद्रे

माझी नात, म्हणजे धाकट्या लेकीची लेक, पुण्याला खाण्यापिण्याच्या पदार्थांचं शास्त्र शिकते. शिकते म्हणजे पुस्तकाचं शिकून झालं, आता तिनं स्वतः काहीतरी नवं करून दाखवायचं आणि ते लिहून द्यायचं, असं चाललंय. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो. पण सोसायटीत काय नि ग्रामपंचायतीत काय, माझा अर्ज आजवर मीच लिहिला. दुसऱ्याच्या हातचं मला पटत नाही. म्हणून हेही मीच लिहितोय. त्या पोरीचे माझ्यावर उपकार झाले आणि तळेघरच्या पलीकडच्या वाडीतल्या एका बाईचेही झाले. तोंडानं सांगण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

गेल्या वर्षी माघ सरता सरता नात लोणीला आमच्याकडे आली. संगं बर्फाचा डबा, त्यात बोटाएवढाल्या बाटल्या, आणि एका पोत्यात सपाट बुडाच्या स्टीलच्या चोवीस ताटल्या. आमच्या मंडळीनं विचारलं, कुणाचं लग्न काढलंय काय. पोरगी म्हणाली, पंधरा दिवस राहणार, चूल लागेल, एक खोली लागेल आणि त्या खोलीत कुणी जायचं नाही.

मला पहिल्या दिवशी काही कळलं नाही. मग तिनं ओट्यावर बसून सांगितलं.

"आबा, विरजणात काय असतं? डोळ्यांना दिसत नाहीत असे बारीक जीव असतात, जिवंत. पोटाला चांगले. पण दही दूर डोंगरात न्यायचं तर आंबून जातं, तिथं घरोघरी फ्रीज नाही. गरम लाडवात ते घातले तर मरतात. म्हणून मी त्यांना एका पापुद्र्यात झोपवणार आणि तो पापुद्रा नाचणीच्या लाडवाला गुंडाळणार. कागदासारखा पातळ, पण काढून टाकायचा नाही. लाडवासकट खायचा. पोटात गेला की आतले जीव जागे होतात."

"आन न्हाई झालं जागं तर?"

"तर माझं दोन वर्षांचं काम गेलं," ती म्हणाली. हसतच म्हणाली, पण डोळे हसत नव्हते.

तिच्या कॉलेजात हे पापुद्रे मशिनीत वाळतात. मशिनीत वाळलेल्यात जीव जगतात हे तिनं दाखवलं होतं. पण तिच्या मॅडमचं म्हणणं असं, की मशीन खेड्यातल्या बाईकडं कुठून येणार. घरच्या भांड्यात, घरच्या हवेत करून दाखव. त्यात जीव जगले तर तुझं काम पुरं झालं. मेले तर हा विषय सोड आणि दुसरा घे, पहिल्यापासून. म्हणून ती आमच्याकडे आली होती.

पापुद्रा करायचा तांदळाचा. दुकानातल्या तांदळाचा केला तर सोलताना चिरफळ्या होत होत्या. आमच्या घरात डोंगरातला तांदूळ होता. तळेघरच्या बाजूची एक बाई नवऱ्यासोबत कितीतरी वर्षं आमच्याकडे कांदे काढायला यायची. आता वय झालं, नवरा गेला, येत नाही. पण भात झोडून झालं की मंचरला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती चार-पाच किलो तांदूळ वानवळा म्हणून धाडते, आणि आमची मंडळी उलट शेंगा-लसूण धाडते. हा बायकांचा व्यवहार, मी त्यात कधी पडलो नाही. त्या तांदळाचा पापुद्रा सापाच्या कातीसारखा अखंड निघाला. पोरीनं तो उजेडाला धरला तेव्हा पलीकडचा कडुलिंब दिसत होता.

करायची रीत आमच्या मंडळीनं लगेच ओळखली. तांदूळ भिजवायचा, वाटायचा, फडक्यातून गाळायचा, बुडाशी बसलेला चीक घ्यायचा. कुरडईला गव्हाचा घेतात तसाच. तो चीक पाण्यात शिजवायचा, पारदर्शक झाला की निवू द्यायचा, मेडिकलमधून आणलेलं खायचं ग्लिसरीन चार थेंब घालायचं म्हणजे पापुद्रा मऊ राहतो. बोट सोसेल इतका कोमट झाला की बाटलीतले जीव त्यात मिसळायचे. मग ताटलीत पातळ ओतायचा आणि वाळू द्यायचा.

"ही तर बिनतिखटाची कुरडई," मंडळी म्हणाली. मला तेच डोक्यात बसलं. सगळी चूक तिथून निघाली.

चोवीस ताटल्या भरून मागच्या खोलीत ठेवल्या. धूळ नको म्हणून पोरीनं खिडकी लावून घेतली. नेमकं आभाळ आलं. दोन दिवस हवा कोंदट, पापुद्रे चिकटच. तिसऱ्या दिवशी मंडळी बहिणीकडे साखरपुड्याला निमगाव साव्याला गेली. नात लाडवाची नाचणी आणि डबे आणायला मंचरला गेली. जाताना मला म्हणाली, आबा, खोलीत जाऊ नका, कशाला हात लावू नका. माझ्याच घरात मला असं सांगितलेलं मला आवडलं नाही. 

दहाच्या सुमारास ऊन पडलं. फाल्गुनाचं कडक, स्वच्छ. मी खोलीत गेलो. ताटल्यांना बोट लावलं, बोटाला तार आली. उद्यापर्यंत याला बुरशी धरणार, असं मला वाटलं. वाटलं काय, खात्रीच झाली. लहानपणापासून कुरडई, सांडगे, पापड बघतोय. चिकट राहिलं की गेलं. वाळवण म्हणजे ऊन, याच्यापुढं आमच्याकडे कुणाचा विचारच जात नाही.

चोवीस ताटल्या मी गच्चीवर नेल्या. चार-चार करून, सहा खेपा. गुडघे बोलत होते तरी नेल्या. वर पातळ धोतर पसरलं, कावळा नको म्हणून. दोन तासांत असे पापुद्रे वाळले की कडा आपोआप सुटल्या. मला लई बरं वाटलं. पोरगी दोन दिवस जे करू शकली नाही ते आपण दोन तासांत केलं. ताटल्या पुन्हा खाली नेऊन होत्या तशा मांडल्या. का, तर तिनं येऊन चकित व्हावं म्हणून. मग सांगू, असा बेत होता.

ती आली, खोलीत गेली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "आबा, वाळले. खोलीतच वाळले ना?"

तिच्या तोंडावर इतका आनंद होता, आणि तो आनंद माझ्यामुळे नव्हता, हवेमुळे होता. सांगितलं असतं तर आधी विचारलं असतं, हात का लावला. मी म्हणालो, "मग कुठं वाळतील?"

एवढंच बोललो. पण मला ठाऊक होतं मी काय केलं ते.

दुसऱ्या दिवशी ती पापुद्रे घेऊन पुण्याला गेली. पाच दिवसांनी संध्याकाळी तिचा फोन आला. मंडळीनं तो मोठ्यानं ऐकू येईल असा लावला. नात सांगत होती, एकाही पापुद्र्यात जिवंत काही सापडलं नाही. मॅडम म्हणाल्या, घरच्या रीतीत हे जमत नाही, सोमवारी नव्या विषयाचं बघू. मंडळीनं विचारलं, असं कशानं झालं.

"माझाच हात चुकला असणार, आजी. चीक गरम असताना मिसळलं असेल. वही तपासतेय, चूक सापडत नाहीये."

मी मोटार चालू करतो म्हणून मळ्यात गेलो. मोटारीच्या पेटीपाशी उभा राहिलो आणि बटण न दाबताच परत आलो. त्या पोरीला मी ओळखतो. दुसऱ्याची चूक स्वतःच्या अंगावर घेऊन ती पुढची दोन वर्षं घालवणार, आणि मी ओट्यावर बसून विचारणार, काय गं, कुठवर आलं. चुकलो हा शब्द मी भावकीत, पंचायतीत, कुणापुढं काढलेला नाही. बापापुढंही नाही. त्यासाठी मार खाल्ला.

सकाळी चहाच्या आधी वहीत बघून नंबर लावला. मी होऊन कधी फोन लावत नाही, त्यामुळे तिनं घाबरूनच विचारलं, आजी बरी आहे ना.

"बरी हाय. पोरी, तुजा हात न्हाई चुकला. ताटल्या मी गच्चीवर नेल्या व्हत्या."

"गच्चीवर?" ती म्हणाली.

"उन्हात," मी म्हणालो. "आन तुला खोटं बोललो."

  मग ती म्हणाली, "किती वाजता नेल्या, आबा?"

"धा-साडेधा. बारा वाजून गेल्यावर खाली आनल्या."

"झाकल्या होत्या?"

"पातळ धोतर व्हतं."

"ताटली हाताला चटका बसेल इतकी तापली होती?"

"फडक्यानं धरून आनली."

कागदावर पेन चालल्याचा आवाज मला येत होता. ती लिहून घेत होती. मी शिव्यांची तयारी करून बसलो होतो आणि ही माझा जबाब लिहून घेतेय. शेवटी म्हणाली, "तापल्या स्टीलवर आणि एवढ्या उन्हात ते जगणारच नाहीत, आबा. म्हणजे माझी रीत चुकली नव्हती. हे मला मॅडमना सांगता येईल." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही सांगितलंत. मला आयुष्यभर कळलं नसतं."

 रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुपारी तिचा परत फोन. मॅडमनी महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली होती, एकदाच. बाटल्या ती आणणार होती. पण तांदूळ संपला होता. आणि तोच तांदूळ पाहिजे होता, दुसरा चालणार नव्हता.

एवढ्यात मंडळीला सगळं कळलं होतं. तिनं मला वाढलं. जेवण उरकत आल्यावर म्हणाली, "जल्मभर कांदा सावलीत ठिवला. उन्हात ठिवला तर त्याचा पापुद्रा गळतो, हे गड्यांना वरडून सांगितलं. आन पोरीचं तेवढं उन्हात."

मी म्हणालो, त्या बाईला निरोप धाडू, कुणाच्या हाती देईल तांदूळ.

"तिचा फोन लागत न्हाई. आन वानवळा मागून आनायचा आसंल, तर ज्यानं घालवला त्यानं जावं."

वानवळा मागायचा नसतो. देणाऱ्यानं आठवण ठेवून द्यायचा आणि घेणाऱ्यानं आपलंही काही पाठवायचं, असं आहे ते. मागितला की त्याचा वानवळा राहत नाही. तेही अशा बाईकडे, जिला मी इतकी वर्षं बांधावरून हुकूम सोडले.

गेलो. शेंगा आणि लसणाची जुडी घेऊन मंचर, तिथून घोडेगाव, तिथून डिंभ्यावरून वर तळेघर. एस.टी. सोडली आणि वाडीची वाट विचारली. सांगणारा म्हणाला, इथंच हाय. इथंच म्हणजे दीड तास निघाली. वाटेनं खाचरांत भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा टाकून राब भाजायचं चाललं होतं, धुरानं डोळे चुरचुरत होते. तीनदा बसलो. ही बाई कांदे काढायला येताना पोतं डोक्यावर घेऊन हीच वाट उतरत असणार, हे मला त्या तिसऱ्या बसण्याला सुचलं.

ती अंगणात शेणी थापत होती. मला चालीवरनं ओळखलं.

"लोनीचं पावणं? आवो, वाट चुकला का काय?"

"न्हाई. तुमच्याकडंच आलो."

"तुमच्या बांधावर आमी जल्म काढला," हात धुता धुता ती म्हणाली, "पर आमचा उंबरा तुमाला आजच दिसला म्हना की."

लागलं, पण खरं होतं. कोरा चहा झाला. मी पावसापाण्याचं बोललो, नाचणीचं बोललो, तिच्या दोन्ही लेकांचं विचारलं. मागायचं काही तोंडातून निघेना. शेवटी तीच म्हणाली, पावणं, शेवटची गाडी जाईल, काय असंल ते बोला. मग मी सगळंच सांगितलं. पापुद्रे, त्यातले जीव, गच्ची, आणि पोरीशी खोटं बोललो तेही. ते सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं.

ती इतकी हसली की पदर तोंडाला लावला. "दह्यातलं किडं मारलं तुमी? आन मग म्हनलात, मी न्हाई?"

"व्हय."

"कसं हो तुमी," ती म्हणाली आणि आत गेली.

कणगीतून तांदूळ काढला आणि माझ्या पिशवीत ओतायला लागली. मी बास बास म्हणत होतो, ती थांबेना. मी म्हणालो, चार किलो पुरे, यंदाचा वानवळा तर येऊन गेलाय, हा मी मागून नेतोय.

"मागितला म्हनून मापून देऊ व्हय? तुमची नात माज्या तांदळाचं शिकती. तिला कमी पडाया नगं."

नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खाऊ घातल्याशिवाय तिनं मला उठू दिलं नाही. खाताना माझ्या मनात आलं, आमच्या शेतात ही माणसं बांधावर बसून भाकरी खायची तेव्हा, कालवण आहे का, एवढंसुद्धा मी कधी विचारलं नाही. तिचा शेजारी दुचाकीवरून मला रस्त्यापर्यंत सोडून गेला, पिशवी मी मांडीवर धरली. शेवटची गाडी मिळाली.

नात तिसऱ्या दिवशी आली. आली ती माझ्या पाया पडली, नेहमीसारखी. मला वाटलं होतं जरा अंतर ठेवील. तांदूळ हातात घेऊन तिनं वास घेतला आणि म्हणाली, आबा, आता वाळवायचं कुठं ते तुम्ही सांगा.

हे तिनं मला विचारलं. तिनं विचारायला नको होतं, तिला कळत होतं काय पाहिजे ते. सावली पाहिजे आणि वारा पाहिजे. पण तिनं विचारलं आणि मी सांगितलं, बराखीत.

आमच्याकडे कांदा साठवायची बराख म्हणजे दोन्ही बाजूंना फटी असलेली लांब खोली, वर पत्रा, त्यावर उसाचं पाचट, जमिनीपासून हातभर उंच. वारा खालून येतो, बाजूनं येतो, ऊन आत शिरत नाही. उन्हाळी कांदा अजून जमिनीत होता, म्हणून बराख मोकळी होती. मी ती झाडून घेतली, धुतली, दोन दिवस उघडी ठेवली. मंडळीनं जुनी मऊ लुगडी उकळून दिली, ती चारी बाजूंनी बांधली म्हणजे वारा गाळून येईल. पोरीनं आत एक तापमान मोजायची काडी टांगली. दर तासाला ती आकडा लिहायची. दुपारी आकडा वर जायला लागला तेव्हा मी पाचटावर पाणी मारलं. कांदा गरमावतो तेव्हा आम्ही हेच करतो. आकडा खाली आला. तिनं तेही लिहिलं, आणि मला विचारून लिहिलं, किती बादल्या मारल्या.

ताटल्यांना मी हात लावला नाही. दाराशी घोंगडं टाकून बसलो, मांजर येऊ नये म्हणून.

एक दिवस आणि वर थोडा वेळ लागला. उन्हातले पापुद्रे कडक झाले होते, हे नरम निघाले. तिनं एक सोलून माझ्या हातावर ठेवला. वजन काहीच नाही. हाताच्या रेषा त्यातून दिसत होत्या. मी विचारलं, खाऊ का. ती म्हणाली, हा एक खा, बाकीचे मोजायचेत. जिभेवर ठेवला तर विरघळला, चव भाताच्या पेजेसारखी, शेवटी जराशी आंबट.

ती पुण्याला गेली. पाच दिवस लागणार हे आता मला माहीत होतं. ते मी बोटांवर मोजत काढले.

फोन माझ्याच हातात असताना आला. तिनं काहीतरी आकडा सांगितला, दहाचा अमुक घात की काय, तो मला समजला नाही.

"नीट सांग. हायेत का न्हाईत?"

"आहेत, आबा. सगळ्या पापुद्र्यांत आहेत. मशिनीतल्यापेक्षा थोडे कमी, पण मॅडम म्हणाल्या पुरे आहेत. मी पुढं लिहायला घेतेय."

मी फोन मंडळीला दिला.  पुन्हा घेतला तेव्हा पोरगी म्हणाली, उन्हात वाळवलेल्यांचंही ती लिहिणार आहे, दोन्ही शेजारी शेजारी. बाकीच्या बायका तीच चूक करतील, त्यांना आधी कळलेलं बरं. तुमची हरकत नाही ना, असं विचारलं तिनं. मी म्हणालो, लिही. पुस्तकात चूक कुणाची ते नसतं म्हणे, नुसतं उन्हात ठेवले एवढंच असतं. मी म्हणालो, कुणाची तेही लिहिलंस तरी चालंल.

त्याच आठवड्यात मी पुन्हा तळेघरची गाडी धरली. काम काही नव्हतं. आधी तयार झालेल्या एका वाफ्यातल्या नव्या कांद्याची अर्धी पिशवी घेतली आणि ती वाट चढलो, या खेपेला दोनदाच बसलो. बाई दारातच होती. मी पिशवी खाली ठेवायच्या आत तिनं विचारलं,

"जगलं का वो किडं?"

"जगलं."

"समदं?"

"पुरेसं. पोरीचं काम झालं. तुमच्या तांदळानं झालं."

 तिनं पिशवी उचलून आत नेली आणि आतूनच म्हणाली, हातपाय धुवा, पावणं, चुलीवर भात हाय.